गलिव्हरच्या पोतडीतला दारूगोळा

लहानपणी वाचलेली बुटक्यांची गोष्ट म्हणजे मुळात पंतप्रधानावर धरलेला नेम होता, हे किती जणांना ठाऊक असतं? अठराव्या शतकातल्या इंग्लंडात सरकारला उघड बोल लावणाऱ्यासाठी तुरुंग होता, दंड होता, भर चौकातला खोडा होता. मग लेखकांनी एक आडवाट शोधली. गोष्टीची!

१७२६ सालचा ऑगस्ट महिना. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर दुकान असलेल्या बेंजामिन मॉट या प्रकाशकाला एक पत्र आलं. लिहिणाऱ्याचं नाव रिचर्ड सिम्पसन. आपले एक नातलग जहाजावर डॉक्टर होते, त्यांनी सफरींची हकिगत लिहून ठेवली आहे, छापायची तर दोनशे पौंड पडतील, असा पत्राचा मतलब. सोबत नमुन्यादाखल काही पानं. मॉटने ती वाचली आणि व्यवहार ठरला. पुढचं हस्तलिखित त्याच्या हाती आलं ते मात्र भलत्याच रीतीने. अंधार पडल्यावर भाड्याची एक घोडागाडी त्याच्या दारात आली, कुणीतरी बाड टाकलं आणि गाडी निघून गेली. कोण आलं, कुठून आलं, मॉटला कळलं नाही. निदान तो तसं सांगत तरी असे.

सिम्पसन नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. बाडातलं अक्षरसुद्धा मूळ लेखकाचं नव्हतं, दुसऱ्याकडून नक्कल करून घेतलेलं होतं. खरा लेखक तोवर लंडन सोडून आयर्लंडला, डब्लिनमध्ये आपल्या चर्चमध्ये जाऊन बसला होता. त्याचं नाव जोनाथन स्विफ्ट. वय अठ्ठावन्न. धंद्याने धर्मगुरू. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा मुख्य!

२८ ऑक्टोबर १७२६ रोजी पुस्तक बाजारात आलं आणि पहिली छपाई आठवड्याच्या आत संपली. मंत्र्यांच्या बैठकीपासून मुलांच्या खोलीपर्यंत जो तो तेच वाचतो आहे, असं स्विफ्टच्या मित्रांनी त्याला कळवलं. ते पुस्तक म्हणजे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’. आज दुकानात मिळणाऱ्या मुलांच्या रंगीत आवृत्तीत ज्याच्या अंगावर बोटभर माणसं दोऱ्या बांधताना दिसतात, तोच हा गलिव्हर.

एका मुलांच्या गोष्टीसाठी एवढी लपवाछपवी कशाला? उत्तर दोन वर्षं मागे आहे.

तीनशे पौंडांचं बक्षीस

आयर्लंडवर तेव्हा लंडनची हुकूमत होती. तिथली लोकर परदेशी पाठवायला बंदी, जमीनदार इंग्लंडात राहून खंड वसूल करणारे, आणि महत्त्वाचे निर्णय लंडनच्या दरबारात. १७२२ साली विल्यम वुड नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला. किती नाण्यांचा? एक लाख आठशे पौंडांच्या! गरीब देशात एवढ्या तांब्याची गरज काय, हे आयरिश संसदेला कुणी विचारलं नाही. हा मक्ता मुळात राजा पहिल्या जॉर्जच्या मर्जीतल्या बाईला, डचेस ऑफ केंडलला मिळाला होता. तिने तो दहा हजार पौंडांना वुडला विकला. मक्ता कुणाच्या नावे निघतो आणि कुणाच्या खिशात जातो, हा प्रकार फार जुना आहे.

१७२४ साली डब्लिनमध्ये एकामागून एक पत्रकं निघू लागली. लिहिणारा स्वतःला साधा कापडदुकानदार म्हणवत होता. दुकानदाराच्याच भाषेत तो गिऱ्हाइकांना सांगत होता, की बाबांनो, हे खोटं नाणं घेऊ नका. उद्या जमीनदाराला खंड द्यायला नाण्यांच्या गाड्या भरून न्याव्या लागतील. हिशेब फुगवलेला होता, पण प्रत्येकाला समजेल असा होता. चौथ्या पत्रात त्याने त्याहून जहाल मुद्दा काढला. आयर्लंडची माणसं इंग्लंडच्या माणसांइतकीच स्वतंत्र आहेत, असं त्याने लिहिलं. सरकार खवळलं. लेखकाचा पत्ता देणाऱ्याला तीनशे पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. छापणाऱ्या हार्डिंगला अटक झाली.

कापडदुकानदार म्हणजे डीन स्विफ्ट, हे डब्लिनमधल्या बहुतेकांना माहीत होतं. बक्षीस घ्यायला एकही माणूस पुढे आला नाही. न्यायाधीशाने दटावूनही ज्यूरीने खटला चालवायला नकार दिला. १७२५ साली सरकारने मक्ता मागे घेतला, आणि वुडला नुकसानभरपाई देऊन वाटेला लावलं.

स्विफ्ट वाचला खरा, पण धडा शिकला. गलिव्हरचं लेखन याच वर्षांतलं. या वेळी दुकानदाराऐवजी त्याने खलाश्यांचा डॉक्टर पुढे केला आणि आयर्लंडऐवजी नकाशावर नसलेली बेटं.

दोरीवर नाचतो तो मंत्री

लिलिपुटची माणसं सहा इंच उंचीची. त्यांच्या राजदरबारात मोठ्या जागा भरायची पद्धत अशी, की उमेदवाराने ताणलेल्या दोरीवर नाच करून दाखवायचा. न पडता सगळ्यांत उंच उडी मारेल त्याला पद. या कलेत सगळ्यांना भारी आहे तो खजिनदार फ्लिमनॅप. इंग्लंडच्या खजिन्यावर त्या वेळी सर रॉबर्ट वॉलपोल बसला होता. १७२१ पासून सलग वीसेक वर्षं सत्तेवर राहिलेला हा गृहस्थ इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला जातो. खासदार कसे विकत घ्यायचे, नेमणुका कशा वाटायच्या, पेन्शनी कुणाला द्यायच्या, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फ्लिमनॅप एकदा दोरीवरून पडून मरणारच होता, पण खाली राजाची एक गादी पडलेली होती म्हणून वाचला, असं गलिव्हर अगदी भाबडेपणाने सांगतो. ती गादी म्हणजे डचेस ऑफ केंडल, हे दरबारातल्या पोरासोरांनाही कळत होतं.

राजा काठी आडवी धरतो, कधी वर करतो, कधी खाली. दरबारी तिच्यावरून उड्या मारतात, खालून सरपटतात. चांगलं सरपटणाऱ्याला रेशमी दोरा बक्षीस मिळतो. निळा, लाल किंवा हिरवा. हे इंग्लंडच्या तीन मानाच्या पदव्यांच्या फितींचे रंग होते, आणि वॉलपोलला १७२६ सालीच निळी फीत मिळालेली होती. मॉट घाबरला. त्याने पहिल्या आवृत्तीत रंग बदलून जांभळा, पिवळा आणि पांढरा करून टाकले!

लिलिपुटमध्ये दोन पक्ष आहेत, उंच टाचांच्या जोड्यांचा आणि बुटक्या टाचांच्या जोड्यांचा. इंग्लंडचे टोरी आणि व्हिग. दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांशी जेवत नाहीत, बोलत नाहीत. युवराजाची एक टाच उंच आहे, एक बुटकी, म्हणून तो लंगडत चालतो. राजगादीचा वारस दोन्ही डगरींवर हात ठेवून होता, त्याचं हे चित्र. शेजारच्या ब्लेफस्कूशी युद्ध चालू आहे, कारण उकडलेलं अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान टोकाकडून, यावर एकमत नाही. लहान टोकाकडून फोडण्याऐवजी मरण पत्करलेल्यांची संख्या अकरा हजार! कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या नावाने युरोपात दोनशे वर्षं जे रक्त सांडलं, त्याची एका धर्मगुरूने केलेली ही नोंद आहे. (संगणकवाल्यांनी १९८० पासून हेच शब्द उचलले. आकडा साठवताना कुठलं टोक आधी ठेवायचं, या वादातल्या दोन पद्धतींना ते अंड्याच्या पक्षांचीच नावं देतात.)

मुलांच्या आवृत्तीत हे सगळं गाळलेलं असतं, किंवा गंमत म्हणून येतं. राणीच्या महालाला आग लागते ती गलिव्हर कशी विझवतो, हे तर बहुतेक आवृत्त्यांत नसतंच. तो तिच्यावर लघवी करतो. महाल वाचतो, राणी मात्र त्याला कधीच माफ करत नाही. पुढे दरबार त्याच्यावर आरोप ठेवतो आणि मोठ्या दयाळूपणाने ठरवतो, की जिवे मारण्याऐवजी नुसते डोळे काढावेत. राजाच्या दयाबुद्धीचा गौरव करणारं फर्मान निघालं की लिलिपुटच्या प्रजेला कापरं भरतं, कारण जितकी स्तुती मोठी तितकी शिक्षा क्रूर.

दुसऱ्या सफरीत दुर्बीण उलटी होते. ब्रॉबडिंगनॅगची माणसं राक्षसाएवढी आणि गलिव्हर बाहुलीएवढा. तो छाती फुगवून तिथल्या राजाला आपल्या देशाची थोरवी सांगतो. संसद, न्यायालयं, चर्च, सैन्य. राजा ऐकून घेतो आणि मग साधे प्रश्न विचारतो. पैशाची थैली घेऊन आलेला परका माणूस मतदारांना फिरवू शकतो का? खटला निकाली निघायला किती दिवस लागतात, खर्च किती येतो? तुमचा देश मिळकतीपेक्षा जास्त खर्च कसा करतो, आणि कर्ज देणारे कोण? शांततेच्या काळात पगारी फौज कुणाविरुद्ध बाळगता? गलिव्हर उत्तरं देत जातो आणि त्याच्या उत्तरांनीच त्याचा देश उघडा पडतो. राजाला खूश करायला तो शेवटी तोफेच्या दारूची कृती देऊ करतो. राजा शहारतो आणि जीव प्यारा असेल तर हे पुन्हा बोलू नकोस म्हणून बजावतो. त्याच्या मते एका कणसाच्या जागी दोन कणसं उगवून दाखवणारा माणूस सगळ्या राजकारण्यांपेक्षा मोठा. गलिव्हरला वाटतं, बिचारा राजा अडाणी आहे!

तिसरी सफर थोडी विस्कळीत आहे. काकडीतून सूर्यकिरण काढणारे आणि छपरापासून खाली घर बांधणारे तिथले विद्वान लंडनच्या रॉयल सोसायटीची टिंगल आहेत. पण त्यातच लापुता हे उडतं बेट आहे. त्यावर राजा राहतो. खालच्या एखाद्या शहराने बंड केलं की बेट त्या शहरावर नेऊन ऊन-पाऊस अडवायचा, आणि तरी ऐकलं नाही तर बेटच वरून टाकायचं. लिंडालिनो नावाचं शहर या बेटाला दाद देत नाही आणि राजाला माघार घ्यावी लागते, असा एक प्रसंग स्विफ्टने लिहिला होता. लिंडालिनो म्हणजे डब्लिन. तांब्याच्या नाण्यांची लढाई ती हीच. हा मजकूर मॉटने छापला नाही. १७३५ साली डब्लिनच्या फॉकनरने स्विफ्टच्या देखरेखीखाली सुधारलेली आवृत्ती काढली, मॉटने बदललेलं बरंचसं परत आणलं, पण लिंडालिनोला हात लावण्याची हिंमत त्यालाही झाली नाही. ती पानं पुस्तकात आली १८९९ साली!

चौथ्या सफरीत शहाणे घोडे आहेत आणि त्यांनी माजावर बांधलेले, घाणेरडे, भांडखोर, चमकत्या दगडांसाठी एकमेकांचे गळे धरणारे याहू. याहू दिसतात माणसासारखे. इथे स्विफ्टचा निशाणा वॉलपोलवरून सुटतो आणि सरळ वाचणाऱ्यावर येतो. गलिव्हर घरी परततो तेव्हा त्याला बायकोमुलांचा वास सहन होत नाही, तो तबेल्यात घोड्यांशी गप्पा मारत बसतो. अनेक वाचकांना हा भाग तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. स्विफ्टला त्याचं वाईट वाटलं नसतं. जगाचं मनोरंजन करण्यापेक्षा जगाला चीड आणावी, हाच हेतू असल्याचं त्याने पोपला आधीच लिहून ठेवलं होतं. एका आयरिश बिशपने मात्र पुस्तक वाचून मत दिलं, की यात अशक्य थापा आहेत आणि आपला त्यातल्या अक्षरावरही फारसा विश्वास नाही. हा किस्सा स्विफ्टनेच मित्राला चवीने कळवला.

त्याचा सर्वांत जहरी मजकूर मात्र पुस्तक नव्हे, एक पत्रक आहे. १७२९ साली आयर्लंडात लागोपाठ पिकं बुडाली होती. रस्त्यांवर भीक मागणाऱ्या बाया, मागे पोरं. स्विफ्टने एका हिशेबी समाजसेवकाचा आव आणून तोडगा सुचवला. गरिबांची वर्षाला एक लाख वीस हजार मुलं जन्मतात, त्यातली वीस हजार पैदाशीला ठेवावीत आणि उरलेली एक लाख, वर्षाची झाली की, श्रीमंतांच्या ताटात वाढायला विकावीत. किंमत, फायदे, पाककृती, सगळं बारकाईने दिलेलं. आवाज कुठेही चढत नाही. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या शांत आवाजानेच.

लिलिपुटची संसद

स्विफ्टने दाखवलेली वाट पुढे अनेकांनी वापरली. एलायझा हेवूड या लेखिकेने १७३६ साली परदेशी राजकन्येची कहाणी रचली आणि तिच्यातल्या दुष्ट मांत्रिकाच्या जागी वॉलपोलला बसवलं. पण सर्वांत मजेदार उपयोग केला तो एका मासिकाने. संसदेतली भाषणं छापायला १७३८ साली कडक मनाई झाली. ‘जंटलमन्स मॅगझिन’ने लगेच लिलिपुटच्या संसदेचा वृत्तांत छापायला सुरुवात केली! खासदारांची नावं उलटसुलट केलेली. वॉलपोलचा झाला वेललॉप. ही भाषणं काही काळ सॅम्युअल जॉन्सन लिहीत असे. पुढे इंग्रजी शब्दकोश करून नाव कमावलेला तोच हा डॉक्टर जॉन्सन. सभागृहात तो क्वचितच गेला असेल. दुसऱ्यांनी आणलेल्या टिपणांवरून भाषणं रचायचा, आणि लोक ती खरी समजून वाचायचे.

नाटक बंद, कादंबरी सुरू

याच वॉलपोलने नकळत इंग्रजी कादंबरीवर मोठे उपकार केले. तो किस्सा हेन्री फील्डिंगचा.

रंगभूमीवर वॉलपोलची खिल्ली नवी नव्हती. १७२८ च्या जानेवारीत जॉन गे या स्विफ्टच्या मित्राचं ‘बेगर्स ऑपेरा’ आलं. चोर, चोरीचा माल घेणारा पीचम आणि तुरुंगाधिकारी यांची संगीतमय कथा, आणि प्रत्येक चोरात प्रेक्षकांना एक मंत्री दिसायचा. पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग झाले. दोनशे वर्षांनी ब्रेख्तने त्यावरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात तो मराठी रंगभूमीवर आला, तेव्हा त्याची पणजी लंडनची होती! गेच्या पुढच्या नाटकाला, ‘पॉली’ला, मात्र सरकारने प्रयोगाची परवानगीच दिली नाही.

फील्डिंगचा जन्म १७०७ चा. घराणं खानदानी, खिसा रिकामा. विशीतच तो नाटकं लिहून पोट भरू लागला. १७३७ साली हेमार्केटच्या छोट्या नाट्यगृहात त्याने एक फार्स लावला. त्यात राजकारणी मंडळी कर कशावर बसवावा याची चर्चा करतात. विद्येवर बसवावा, असं एकजण सुचवतो. पण विद्या आहे किती जणांकडे? मग अज्ञानावर बसवू, त्यात सगळे पैसेवाले येतील! शेवटी वॉलपोलसारखा एक इसम देशभक्तांना सोन्याची नाणी वाटतो आणि नाचायला लावतो. नाचता नाचता नाणी त्यांच्या फाटक्या खिशांतून गळतात आणि तो इसम ती शांतपणे गोळा करतो.

वॉलपोलने ठरवलं, आता पुरे. कुणीतरी लिहिलेल्या एका अत्यंत अश्लील नाटकाचं हस्तलिखित त्याने मिळवलं, त्यातले उतारे संसदेला दाखवले आणि घाईघाईने कायदा मंजूर करून घेतला. २१ जून १७३७ रोजी त्यावर राजाची मोहोर उमटली. यापुढे प्रत्येक नवं नाटक प्रयोगाच्या चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत द्यायचं. परवानगीवाचून प्रयोग केल्यास पन्नास पौंड दंड. परवाना फक्त दोन मोठ्या नाट्यगृहांना. हेमार्केटवाल्यांनी गाशा गुंडाळला. लंडनमधली ही नाटकांची पूर्वतपासणी थांबली ती थेट १९६८ साली. नाटकाला सरकार किती घाबरतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी १८७६ साली हिंदुस्थानासाठीही नाट्यप्रयोगांचा कायदा केला आणि १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता.

तिशीत धंदा बुडालेला, घरात बायको आणि मूल. फील्डिंगने वकिलीचा अभ्यास सुरू केला आणि तीन वर्षांत सनद घेतली. वकिली फारशी चालली नाही. पण नाटकाला लागलेलं कुलूप पुस्तकाला नव्हतं. छापण्यापूर्वी पुस्तक कुणाला दाखवावं लागत नसे. सरकारला खटला भरायचा तर नंतर भरता येई. फील्डिंग कादंबरीकडे वळला.

‘जोसेफ अँड्र्यूज’ ही त्याची कादंबरी फेब्रुवारी १७४२ मधली. तिच्यातला एक प्रसंग सगळ्या इंग्लंडचं चित्र चार पानांत दाखवतो. जोसेफ हा तरुण नोकर पायी घरी निघाला आहे. वाटेत दरोडेखोर त्याला मारतात, अंगावरचे कपडेही काढून नेतात आणि खड्ड्यात टाकून जातात. तेवढ्यात प्रवासी घोडागाडी येते. कण्हणं ऐकून पुढच्या घोड्यावरचा पोऱ्या थांबतो. गाडीवान म्हणतो, उशीर झालाय, चल. गाडीतल्या बाईंना आधी दया येते, पण माणूस उघडा आहे म्हटल्यावर त्या किंचाळतात. एका म्हाताऱ्या गृहस्थाला भीती, की आपणही लुटले जाऊ. वकील महाशय मात्र विचार करून सांगतात, की याला घ्यायलाच हवं. हा मेला आणि आपण त्याला शेवटी भेटलो असं सिद्ध झालं, तर आपल्यावर खटला होईल. गाडीवान भाडं मागतो. घ्यायचं ठरतं, तर जोसेफ अडून बसतो, अंग झाकायला काही दिल्याशिवाय बायकांसमोर येणार नाही म्हणतो. गाडीत ओव्हरकोट आहेत, पण आपला कोट द्यायला कुणी तयार नाही. शेवटी तो घोड्यावरचा पोऱ्या शिवी हासडून अंगातला एकुलता कोट काढून देतो. आणि इथेच फील्डिंग एक वाक्य सहज टाकून जातो. या पोराला पुढे कोंबड्या चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर पाठवण्यात आलं!

त्या एका वाक्यात जे आहे ते वॉलपोलच्या खिल्लीपेक्षा जास्त लागतं. मंत्री येतात-जातात. ही गाडी मात्र कुठल्याही राजवटीत रस्त्यावर असतेच.

थोर पुरुष जोनाथन वाइल्ड

ज्या महिन्यात ही कादंबरी निघाली, त्याच महिन्यात वॉलपोलची खुर्ची गेली. फील्डिंगच्या भात्यात त्याच्यासाठी अजून एक बाण होता. तो सुटला १७४३ साली.

जोनाथन वाइल्ड हा खराखुरा माणूस. लंडनमध्ये तेव्हा पोलीसदल नव्हतं. वाइल्डने चोरीला गेलेला माल शोधून देण्याची कचेरीच उघडली होती. तुमची सोन्याची डबी गेली, तुम्ही वाइल्डकडे जायचं, बक्षिसाची रक्कम ठरवायची, की डबी परत. चोर त्याचेच, माल त्याच्याच ताब्यात! जो चोर वाटा मागताना कुरकुर करील किंवा वेगळी चूल मांडील, त्याला तो स्वतः पकडून फाशी देववायचा. एक दरोडेखोर फासावर चढवला की सरकार चाळीस पौंड द्यायचं, तेही त्यालाच. वर्तमानपत्रं त्याचं कौतुक करत आणि सरकार त्याचा सल्ला घेई. अखेर एका बाईची लेस चोरीला गेली आणि दहा गिन्या घेऊन त्याने ती परत मिळवून दिली, एवढ्याशा प्रकरणात तो सापडला. २४ मे १७२५ ला टायबर्नच्या वधस्तंभावर त्याला फाशी झाली. त्याचा सांगाडा लंडनच्या शल्यविशारदांच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

फील्डिंगने या गुंडाचं चरित्र लिहिलं, तेही थोरामोठ्यांच्या चरित्राच्या धाटणीत. जन्म, पूर्वज, बालपणीची लक्षणं, राज्यकारभाराची सूत्रं. वॉलपोलला विरोधक उपहासाने थोर पुरुष म्हणत. फील्डिंगही वाइल्डला पानोपानी थोर म्हणतो. थोर असणं आणि चांगलं असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि या दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात हीच खरी अडचण, असा त्याचा सगळा सूर.

पुस्तकातलं सर्वांत धारदार प्रकरण न्यूगेटच्या तुरुंगातलं आहे. तिथे जॉन्सन नावाचा गुंड कैद्यांवर राज्य करतो, त्यांच्याकडून वसुली करतो आणि भरजरी कपडे घालून मिरवतो. वाइल्ड आत येतो आणि कैद्यांना भाषण देतो, की हा तुमच्या हक्कांवर गदा आणतोय, तुमच्या पैशाने नटतोय. तुरुंगात दोन तट पडतात, लढाई होते, वाइल्ड जिंकतो. मग तो पहिली गोष्ट काय करतो? जॉन्सनचे तेच भरजरी कपडे अंगावर चढवतो! वसुली तशीच चालू. कैद्यांना कळेना, की आपण लढलो कशासाठी. वॉलपोल गेल्यावर सत्तेत आलेल्या त्याच्या विरोधकांना, म्हणजे फील्डिंगच्याच जुन्या मित्रांना, हा टोला होता. ज्याच्या बाजूने आपण बोललो, त्यालाही सोडायचं नाही, हे फार थोड्या विनोदकारांना जमतं.

फासाच्या दोरीखाली उभा असताना वाइल्ड पाद्रीबाबांच्या खिशात हात घालतो आणि त्यांचं बाटलीचं बूच काढायचं स्क्रू लांबवतो. ते मुठीत धरूनच तो जातो. पाद्रीबाबांच्या खिशात ते कसं आलं, हे फील्डिंग विचारत नाही.

खुर्चीच्या पलीकडे

आणि मग १७४८ साली हा माणूस स्वतःच खुर्चीवर बसला. सरकारने त्याला लंडनच्या बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेट नेमलं. मॅजिस्ट्रेटची जागा तेव्हा चरायचं कुरण समजली जाई. आधीचे साहेब गरिबांच्या भांडणांतून फी उकळून वर्षाला पाचशे पौंड काढत. आपण भांडणं मिटवत गेलो आणि तीच मिळकत तीनशेच्या आसपास आली, असं फील्डिंगने पुढे लिहून ठेवलं. अर्धा डझन विश्वासू माणसं निवडून त्याने चोर पकडणारं पथक उभं केलं. वाइल्डचा धंदा त्याने सरकारी आणि प्रामाणिक करून दाखवला म्हणा ना! आंधळा सावत्रभाऊ जॉन याने ते काम पुढे वाढवलं. त्याच धावपळीत १७४९ साली ‘टॉम जोन्स’ ही त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी आली.

पण त्याच १७४९ मध्ये स्ट्रँड रस्त्यावर खलाश्यांनी कुंटणखान्यांची मोडतोड केली आणि त्या दंगलीत बोसाव्हर्न पेनलेझ नावाचा तरुण कपड्यांच्या गाठोड्यासह पकडला गेला. त्याला तुरुंगात धाडलं ते फील्डिंगनेच. लोकांनी दयेचे अर्ज केले, शिक्षा देणाऱ्या ज्यूरीनेही रदबदली केली, तरी ऑक्टोबरात तो फाशी गेला. लंडन हळहळलं. फील्डिंगने पत्रक काढून सरकारची बाजू मांडली. कोंबडीचोर पोऱ्याला काळ्या पाण्यावर पाठवणाऱ्या जगावर हसणाऱ्या लेखकाला विरोधी वर्तमानपत्रांनी या पत्रकावरून यथेच्छ झोडपलं. त्याच्यापाशी युक्तिवाद होते, कायद्याची कलमं होती, आणि ती चुकीची होती असंही नाही. तरी ते पत्रक आज वाचताना जोसेफच्या गाडीतले वकील महाशय आठवतात.

संधिवात आणि जलोदराने सत्तेचाळिसाव्या वर्षी फील्डिंगला पार खिळवलं. १७५४ च्या उन्हाळ्यात हवापालटासाठी त्याला खुर्चीत बसवून लिस्बनच्या जहाजावर चढवावं लागलं. त्याच वर्षी ‘जोनाथन वाइल्ड’ची सुधारलेली आवृत्ती निघाली होती. वॉलपोलला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नव्या आवृत्तीत जिथे जिथे पंतप्रधान असा शब्द होता तिथे तो खोडून नुसतं मुत्सद्दी असं घातलेलं होतं. या वेळी तसं करायला कुणी मॉट लागला नाही. ८ ऑक्टोबर १७५४ ला फील्डिंग लिस्बनमध्ये वारला आणि तिथल्या इंग्रजांच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आलं.